नजरेचा कल

शेतातल्या उभ्या पिकाकडे पाहायचे आणि ते रुपयात किती आणे उतरेल हे सांगायचे, या एका कामावर आमच्या महसूल खात्याचा बराचसा कारभार कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक धरले, तर मुंबई इलाख्यातील जुन्या नियमांप्रमाणे आणेवारी चार आण्यांच्या वर जात नसेल तर सबंध सारा तहकूब होत असे, चार आणे ओलांडून सहाच्या आत राहिली तर निम्मा, आणि सहा आण्यांची रेघ एकदा ओलांडली की कुणब्याने घरातले किडूकमिडूक विकून का होईना, पण सारा पुरता भरावा अशी सरकारची अपेक्षा असे. या दोन-चार आण्यांच्या फरकावर केवढा लढा उभा राहू शकतो, हे १९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्याने दाखवून दिले. पीक चार आण्यांच्या आत आहे असे रयतेचे म्हणणे, ते वर आहे असे अंमलदारांचे म्हणणे, भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर गावे हिंडून रयतेच्या बाजूचा निर्वाळा देतात, आणि अखेरीस गांधीजींना सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागतो. शेते तीच, पीक तेच, पाहणारे दोन्हीकडचे लोक डोळस. तरीही प्रत्येकाला नेमके तेवढेच पीक दिसावे, जेवढे दिसल्याने त्याच्या पक्षाची सोय होते, या गोष्टीचे मला विद्यार्थिदशेत नुसते नवल वाटले होते. पुढे नवल वाटण्याचे कारण उरले नाही.

मी खात्यात दाखल झालो तेव्हा कुलकर्णी वतने नुकतीच, १९५१ साली, खालसा झालेली होती, गावोगाव पगारी तलाठी येऊ लागले होते, आणि नियम मुखोद्गत असलेला परंतु शाळूचे कणीस हातात धरले असता ते चांगले की मध्यम हे न कळणारा माझ्यासारखा पदवीधर तरुण माण नदीच्या खोऱ्यातील एका अवर्षणग्रस्त तालुक्यात उमेदवारीसाठी पाठवला गेला होता. ज्या सर्कल इन्स्पेक्टरांबरोबर मला फिरावयाचे होते, ते निवृत्तीला टेकलेले, मितभाषी आणि काहीसे तिरसट गृहस्थ होते. बांधावर ते फार वेळ थांबत नसत. रस्त्याकडेच्या पिकाला खत आणि राखण दोन्ही अधिक मिळते, म्हणून ते सरळ रानाच्या मध्यावर जात, टाचेने माती उकरून हस्ताच्या पावसाची ओल किती खोल टिकली आहे ते पाहत, तासांतले नांगे नजरेने मोजीत, एखादे कणीस तळहातावर चोळीत, दाणा दाताखाली फोडीत, आणि मग आकडा उच्चारीत. "साडेपाच आणे." का, म्हणून विचारले तर उत्तर येत नसे, आणि फारच आग्रह केला तर जे उत्तर येई ते मला त्या आकड्याच्या मानाने अपुरे वाटे. प्रथम मला त्यात जुन्या नोकरांचा आपली विद्या राखून ठेवण्याचा स्वभाव दिसला. पुष्कळ महिने त्यांच्या मागून हिंडल्यावर मात्र ध्यानात आले की, ते काहीही लपवीत नव्हते. आकडा त्यांना आधी सुचत होता आणि कारणे, माझ्यासारखा कोणी विचारणारा भेटला तर, मागाहून शोधावी लागत होती. अशा शोधलेल्या कारणांवर त्यांचा स्वतःचाही फारसा विश्वास नसावा, कारण ती सांगताना त्यांचा चेहरा ओशाळा होत असे.

त्यांनी मला शिकवले असे म्हणायचे, तर ते एकाच वाक्यात शिकवले. "आधी लिहा, मग कापा." पीककापणीच्या प्रयोगासाठी निवडलेल्या शेतात शिरण्यापूर्वी आपला अंदाज खिशातल्या वहीत शिसपेन्सिलीने लिहायचा, आणि कापणी, मळणी, वजन सर्व आटोपल्यावर खरा आकडा त्याच्या शेजारी शाईने लिहायचा, मधल्या काळात पेन्सिलीच्या आकड्याला हात लावायचा नाही. एवढ्या साध्या गोष्टीला शिक्षण कसले म्हणायचे, असे त्या वयात वाटले होते. परंतु जी वस्तू आपण लिहून ठेवीत नाही ती आपली स्मृती निकाल लागल्यावर हळूच दुरुस्त करून घेते, आणि "मला वाटलेच होते" असे म्हणणाऱ्यांची संख्या प्रत्येक निकालानंतर एकाएकी का वाढते, हे त्या वहीमुळे मला फार लौकर कळून चुकले.

पीककापणीची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण डोळ्याच्या स्वभावाविषयी मला जे काही समजले त्याचे मूळ तिच्यात आहे. नजरेच्या आणेवारीवर विसंबून देशाच्या अन्नधान्याचा हिशेब मांडणे सुरक्षित नाही, हे ओळखून सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात यदृच्छेने निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करण्याची पद्धती बसवली. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून आकड्यांच्या कोष्टकाप्रमाणे पावले मोजीत जायचे, तेथे खुंट्या ठोकून ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढा, चौकोन दोरीने आखायचा, आणि त्यातले पीक वेगळे कापून, मळून, तोलायचे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेने याहून पुष्कळ लहान वर्तुळे घेऊन कापणी चालवली होती. सुखात्म्यांनी दोहोंची तुलना करून दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितके उत्पन्न खऱ्याहून अधिक येते. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. दोरीच्या नेमके खाली जे ताट येते, ते आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाराचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते, त्याला त्याचा पत्ताही नसतो. परंतु लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड मोठी असते, म्हणून कडेवरच्या या नकळत झालेल्या औदार्याचा हिशेबावर परिणामही मोठा होतो.

मी स्वतः दोरी धरून उभा राहिलो आहे, आणि टपोऱ्या कणसाचे ताट दोरीवर आले असता ते आत असावे असे वाटण्याचा अनुभव घेतला आहे. पिचलेल्या कणसाच्या बाबतीत असे वाटत नाही. ज्या गोष्टी उघड उघड आत किंवा उघड उघड बाहेर आहेत, त्यांच्याविषयी अधिकाऱ्याची परीक्षा होतच नाही. ती कडेवर होते, आणि कडेवर आपला हात कोणत्या बाजूला ओढतो हे हाताला विचारून कळत नाही, मागाहून तोलून पाहावे लागते.

आमच्या खात्याच्या पूर्वसूरींनाही हे ठाऊक असले पाहिजे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली इंदापुरात जी पाहणी सुरू केली आणि जी पुढे साऱ्या इलाख्याला नमुना झाली, तिच्यात जमिनीच्या नऊ प्रती लावलेल्या होत्या, पावणेदोन हात खोल काळी माती असलेल्या पहिल्या प्रतीला सोळा आणे धरलेले होते, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याची धोप अशा दोषांपैकी प्रत्येकाला ठरावीक चिन्ह देऊन प्रत खाली उतरवण्याची सोय होती. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाने पहारीने खड्डा खणून पाहावे आणि त्याच्या पाहणीतली काही शेते वरच्या अंमलदाराने पुन्हा तपासावीत, असा दंडक होता. म्हणजे माणसाच्या नजरेवर विश्वासही ठेवायचा, आणि तिच्या पाठीमागून दुसरी नजर पाठवायचीही. हा दुहेरी व्यवहार मला त्या काळच्या गोऱ्या अंमलदारांच्या पुष्कळ गोष्टींहून अधिक शहाणपणाचा वाटतो.

काही हंगामांची वही भरल्यावर मी एका पावसाळ्यात, फिरती बंद असताना, ती पहिल्या पानापासून वाचून काढली. माझे अंदाज सुधारत चालले होते, हे तर दिसलेच. पण चुकांची जात पाहून मी अधिक चकित झालो. पाटाच्या पाण्याखालील गाव पाहून दुपारी जिरायत गावात गेलो, की माझा आकडा हटकून खाली जात असे, आणि तेच गाव एखाद्या उजाड माळरानावरून येऊन पाहिले, तर वर जात असे. सायंकाळच्या तिरप्या उन्हात शाळू मला दाट दिसे. आणि गावचा पाटील जर बोलघेवडा असला, आपल्या गावच्या दैन्याचे वर्णन तो अलंकार घालून करू लागला, तर माझी पेन्सिल एक-दीड आणा वर चढत असे, जणू पीक त्या पाटलाच्या बोलण्याचे खंडन करण्यासाठीच उगवले होते. हे सगळे एकदा दिसल्यावर त्याची वजावट करता येऊ लागली. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले म्हणून कोणाची गाडी चुकत नाही. ते किती पुढे आहे हे घरात ठाऊक असले म्हणजे झाले.

पिकाच्या बाबतीत ही विद्या हस्तगत होऊ शकते, याचे कारण पीक उत्तर देते. खळ्यावर रास पडते, वजन होते, आणि तुमचा आकडा खरा की खोटा हे महिन्या-दोन महिन्यांत समजते. असे शेकडो वेळा समजले म्हणजे डोळा आपोआप शहाणा होत जातो, आणि त्या वृद्ध सर्कल इन्स्पेक्टरांप्रमाणे कारण न सांगताही खरे बोलू लागतो. माणसांना खळे नाही. ज्या अर्जदाराला मी लबाड समजून परत पाठवला तो खरोखर लबाड होता की नाही, याचा निकाल बहुधा कधीच लागत नाही. तो निमूटपणे निघून जातो, आणि माझा समज मात्र न तपासलेल्या नाण्यासारखा नसून जणू टांकसाळीतून आलेला आहे अशा ऐटीत पुढच्या प्रकरणात चालू राहतो. वीस वर्षे माणसे पाहिली आहेत, असे आमच्यापैकी पुष्कळ जण अभिमानाने सांगत असतात. वीस वर्षे पाहिली हे खरे असते. त्यांतल्या कितींच्या बाबतीत खरे-खोटे कळले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पुढे मी मामलेदार झालो. (तहसीलदार हे नाव आमच्याकडे १९६७ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अमलात आल्यापासून रूढ झाले, जुनी माणसे अजूनही मामलेदारच म्हणतात.) तगाईचे वाटप, फेरफाराच्या तक्रारी, तिजोरी, निवडणुका यांच्या जोडीला मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याप्रमाणे शेतावर जाण्याच्या वाटेचे आणि पाण्याच्या प्रवाहाचे दावेही माझ्यापुढे चालत. असल्या दाव्यांत कागद थोडे आणि माणसे फार असतात. बांधावर दोन भाऊबंद समोरासमोर उभे राहतात, वहिवाट आजोबांच्या वेळेपासूनची आहे असे एक सांगतो, परवाची आहे असे दुसरा सांगतो, पंच दोन्हीकडे मान हलवतात, आणि अंमलदाराला कोणाचे तरी खरे धरावे लागते.

त्या तालुक्यात येऊन मला बरेच दिवस झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. माझ्या कचेरीतली माणसे अबोल झाली होती. एक तलाठी असा होता की, चावडीवर त्याचे बोलणे ऐकायला गाव जमत असे. तोच माझ्या मेजासमोर हात बांधून, मान खाली घालून, विचारल्याखेरीज अक्षर न बोलता उभा राहू लागला. अर्जदारही तसेच, दोन वाक्ये बोलत आणि थांबत. मला त्यात प्रारंभी आपल्या शिस्तीचा गौरव वाटला असेल, नाही असे नाही. एके दिवशी तो तलाठी निघून गेल्यावर मी अव्वल कारकुनांना विचारले, "भाऊसाहेब, हा गृहस्थ माझ्यापुढेच असा मुका का होतो?"

ते माझ्याहून वयाने वडील होते आणि त्यांनी सात-आठ मामलेदार पाहिले होते. क्षणभर कागद जुळवीत राहून ते म्हणाले, "राग मानणार नसाल तर सांगतो, रावसाहेब. आपल्यापुढे कमी बोलणाऱ्याचे काम होते, हे कचेरीत सर्वांना माहीत आहे. वकीलसुद्धा पक्षकाराला तसेच बजावून आत पाठवतात."

"हे केव्हापासून?"

"आपण आल्यावर चार-एक महिन्यांत समजले."

त्यांच्या पूर्वीच्या साहेबांपुढे रडणाऱ्याचे काम होत असे, त्याच्याही पूर्वीच्यांपुढे जुने कागद रुमालात बांधून आणणाऱ्याचे, ही माहितीही त्यांनी ओघानेच दिली, आणि ती देताना त्यांच्या स्वरात निंदेचा लवलेश नव्हता. तालुक्यात पाऊस किती पडतो हे सांगावे तशा सहजतेने ते सांगत होते. जो कल मी वहीत पाटलांच्या बाबतीत आण्यांत मोजला होता तो माझ्या न्यायदानातही आहे, हे मला त्या दिवशी कळले, आणि तालुक्याला ते केव्हाच कळले होते. वरिष्ठाला आपल्या हाताखालच्या माणसांची पारख असावी असे सारेच सांगतात. हाताखालच्या माणसांना वरिष्ठाची पारख त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक अचूक झालेली असते, कारण त्यांचे पोट त्या पारखीवर अवलंबून असते आणि आमचे नसते.

हा कल आला कोठून, याचाही मी शोध केला. आमच्या घरी बोलके काका होते आणि अबोल वडील होते. घर वडिलांच्या कष्टांवर चालले आणि काकांच्या बोलण्याने बुडता बुडता राहिले. एवढे आठवल्यावर आणखी खोल जाण्याची आवश्यकता मला भासली नाही. आत्मपरीक्षणाचाही एक शौक असतो, तो जडला की माणूस आपल्या अंतःकरणाच्या दफ्तराची पाने उलटीत बसतो आणि बाहेर पक्षकार ताटकळत राहतात. कलाचे मूळ कळले म्हणून कल जात नाही. आजही मितभाषी मनुष्य पाहिला की मला तो प्रामाणिक वाटतो. फरक इतकाच की, असे वाटले म्हणजे मी त्याच्या कागदांतली तारीख दुसऱ्यांदा वाचतो.

मध्यंतरी मी दुसऱ्या टोकालाही गेलो होतो. बोलक्या पक्षकारांवर अन्याय होऊ नये म्हणून मी त्यांना अधिक अवसर देऊ लागलो, आणि दोन-तीन महिन्यांत कचेरी पुन्हा बोलू लागली! तेव्हा उमगले की, कल बदलणे हा यावरचा उपाय नाही, त्याला वाट न ठेवणे हा आहे. मी जागेवरच्या पाहणीचा क्रम बदलला. आधी वाट एकट्याने चालून पाहायची, गाडीच्या चाकोऱ्या, बांधावरच्या झाडांचे वय, कुंपणाच्या काट्यांचा ताजेपणा पाहून माझे मत चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी घडी करून अव्वल कारकुनांच्या हाती द्यायची, आणि मग माणसांना बोलू द्यायचे. बोलणे ऐकून माझे मत बदलले, तर ते कशाने बदलले याचे उत्तर मला त्या चिठ्ठीपुढे द्यावे लागे. पुष्कळदा पुराव्यानेच बदललेले असे. कधी कधी मात्र नुसत्या आवाजाने बदललेले असे, आणि ते भाऊसाहेबांच्या मुद्रेवर माझ्याआधी उमटे.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी प्रांत होतो. आधीची वर्षे ओढीची गेलेली, त्यात त्या वर्षी मृगापासून हस्तापर्यंत कोणत्याच नक्षत्राने हात दिला नाही. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जिचा प्रयोग करून पाहिला ती रोजगार हमीची कल्पना कायद्याच्या रूपाने यायला १९७७ साल उजाडावयाचे होते. आम्ही चालवीत होतो ती दुष्काळी कामे, म्हणजे खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर असलेल्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. माणसे घरदार बंद करून कामावर येत, रेशनवरचा तांबडा मिलो दळून त्याच्या भाकरी करीत, आणि कामावर मिळणारी सुकडी पोरांना चारीत. अशा वेळी प्रांताने कामांवर जाऊन करायचे काय, तर हजेरीपट पाहायचे, मोजमाप पाहायचे, पाण्याची आणि सावलीची सोय पाहायची, आणि खोटी हजेरी पकडायची. या शेवटच्या गोष्टीत आम्हा सर्वांचाच जीव गुंतलेला असे.

एका नालाबांधावर मी उन्हे चढायच्या आधी पोहोचलो. हजेरीपट स्वच्छ होता, मुकादम अदबशीर होता, मोजमापासाठी न खणता राखलेले मातीचे खांब जागच्या जागी उभे होते, रांजण भरलेले होते. सर्व काही यथास्थित होते, आणि माझे मन स्वस्थ नव्हते. ही अस्वस्थता मला परिचयाची होती. काहीतरी दिसले आहे आणि ते काय हे अजून समजलेले नाही, असा तिचा अर्थ असतो. तिच्या पाठोपाठ तिचे भाषांतरही मनात तयार होऊन आले: हजेरी खोटी आहे. मुकादमाला तेथल्या तेथे खडसावले असते तर माझ्याबरोबरच्या मंडळींना ते अधिकाऱ्याच्या तीक्ष्ण दृष्टीचे उदाहरण म्हणून पुढे सांगता आले असते. मी एका बाभळीखाली जाऊन बसलो आणि काय दिसले ते शोधू लागलो. काही वेळाने सापडले. अशा कामांवर मजूर आपल्या भाकरीची फडकी मुंग्या-कुत्र्यांपासून राखण्यासाठी झाडांच्या फांद्यांना अडकवून ठेवतात. त्या दिवशी आसपासच्या बाभळींवर जी गाठोडी लोंबत होती, ती हजेरीपटावरच्या आकड्याच्या मानाने फारच थोडी होती. घरटी एक गाठोडे धरले तरीही थोडी होती.

मी नावे पुकारायला लावली. एकूण एक माणूस हजर होता.

तेव्हा डोळ्याने जे पाहिले ते बरोबर होते, आणि मनाने त्याला दिलेले नाव चुकीचे होते. एका म्हाताऱ्या बाईजवळ बसून चौकशी केली, तर समजले की, मोजमापाच्या वहीवर सही होऊन न आल्याने कित्येक आठवडे मजुरी वाटलीच गेली नव्हती, उधारी बंद झाली होती, घरात दळायला दाणा नव्हता, आणि पोरांसाठी म्हणून मिळणारी सुकडी तेवढी घरेच्या घरे वाटून खात होती. मुकादमाने हे मला का सांगितले नाही? मी विचारले नव्हते. आम्ही साहेब लोक कामावर येतो ते चोर शोधायला, हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि जो चोर नाही असे सिद्ध करण्याच्या खटपटीत आहे, त्याला दुसऱ्या कशाची तक्रार करायला सुचत नाही. त्याच दिवशी मोजमाप होईपर्यंत मजुरांना उचल देण्याची तजवीज केली, आणि पुढे प्रत्येक कामावर गेल्यावर हजेरीपट मागण्यापूर्वी मी शेवटचे वाटप केव्हा झाले हे विचारू लागलो. त्या एका प्रश्नाने जेवढ्या गोष्टी बाहेर आल्या, तेवढ्या सर्व पटांच्या तपासणीने आल्या नाहीत. एक-दोन ठिकाणी खोट्या हजेऱ्याही त्याच प्रश्नातून निघाल्या, कारण ज्यांना पैसे मिळालेले असतात त्यांना ते कितींना मिळाले हेही चांगले आठवत असते.

अंतर्ज्ञान म्हणून ज्याचा गौरव होतो त्याविषयी माझी समजूत या प्रसंगाने कायमची ठरून गेली. मनाचा पहिला धक्का बहुधा खरा असतो. त्याच्या मागोमाग येणारा अर्थ मात्र आपल्या पदाचा, आपल्या भीतीचा, आपल्या सवयीचा असतो. धक्का आणि अर्थ यांच्यात पुरेसे अंतर राहिले तर पहिल्याचा उपयोग होतो. ते राखायला फार मोठी साधना लागते असेही नाही. त्या दिवशी बाभळीची सावली पुरली.

राहून राहून दुसरी एक अडचण मला जाणवत आलेली आहे, आणि तिच्यावर मला पुरता उपाय सापडलेला नाही. अधिकाऱ्याची नजर कितीही तयार झाली, तरी त्याच्या नजरेला पडते ते त्याच्या येण्याने आधीच बदललेले असते. जीपची धूळ दोन कोसांवरून दिसते. धूळ दिसली की मोकळे बसलेले उठतात, भांडणारे गप्प होतात, आजारी पोर आईच्या पदराआड जाते आणि रांजणाला झाकण येते. घोड्यावरून आणि छकड्यातून फिरती करणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीला मुक्काम करावे लागत, आणि मुक्कामात दुसऱ्या दिवशीची सकाळ बहुधा खरी उगवे; कोणी किती वेळ सावध राहणार? जीपने आम्हाला एका दिवसात पाच गावे दाखवली आणि पाचही गावांचा फक्त दर्शनी भाग दाखवला. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात गावोगाव स्वतः जाऊन, कुणबी गोळा करून, कोणाजवळ बैल आहेत, कोणाला दाणे नाहीत, हे पाहण्याची आज्ञा आहे. दफ्तरात बसून गावाची माहिती मागवण्याची मुभा त्यात सुभेदाराला दिलेली नाही. मी ते पत्र पुष्कळ वेळा वाचले आहे, आणि दर वेळी ते मला नैतिक उपदेशाहून अधिक माहिती मिळवण्याच्या एका पद्धतीचे वर्णन वाटत आले आहे. मी माझ्यापुरते एवढे केले की, गाव यायच्या बऱ्याच आधी जीप सोडून पायी जाऊ लागलो. त्याचीही वदंता झाली, आणि पुढे पायवाटांवर पोरे पहाऱ्याला बसू लागली, तेव्हा मी वाटा बदलल्या.

त्या उपविभागातून बदली झाली तेव्हा रीतीप्रमाणे शिलकी कामे, किल्ल्या, गोपनीय लखोटे यांचा चार्ज देऊन झाल्यावर नव्या प्रांतसाहेबांच्या हाती मी आणखी एक कागद दिला. तालुक्यातल्या काही माणसांविषयी, हाताखालच्या नोकरांविषयी मी जी मते नोंदवलेली होती त्यांपैकी कोणती तपासून घ्यावीत, बोलक्या माणसांच्या बाबतीत माझा आकडा किती खाली असतो, पाटाखालच्या गावांतून आल्यावर माझे शेरे कसे कडक होतात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नवे साहेब तरुण होते, हुशार होते, कागद वाचून ते मोठ्याने हसले, आणि मग थोडे गंभीर होऊन माझ्या जुन्या भाऊसाहेबांना, जे एव्हाना बढतीवर प्रांत कचेरीत शिरस्तेदार होऊन आले होते, विनोदाने म्हणाले, "शिरस्तेदार, माझाही असा एखादा कागद तुम्ही तयार करून ठेवला असेल."

भाऊसाहेबांनी चार्जाच्या यादीवरून मान वर केली नाही. "अजून नाही, साहेब," ते म्हणाले. "चार महिने जाऊ द्या."